गर्भनिरोधक गोळी लिहून देण्याआधी गुठळीचा धोका कसा बघायचा: ओपीडीत नव्याने बसणाऱ्यांसाठी

नवीन नवीन ओपीडीत बसायला लागलेल्या डॉक्टरांमध्ये दोन टोकं दिसतात. एकीकडे बाई म्हणाली गोळी पाहिजे की लगेच माला-एनची पाकिटं हातात, बीपीसुद्धा बघायचं नाही. दुसरीकडे, कुठेतरी वाचलेलं असतं की गोळीने रक्तात गुठळी होते, मग 22 वर्षांच्या ठणठणीत मुलीलाही डी-डायमर, प्रोटीन सी, प्रोटीन एस अशा महागड्या तपासण्या लिहून द्यायच्या, ती काही त्या करत नाही, गोळीही घेत नाही आणि काही महिन्यांनी येते ती दिवस राहिलेत म्हणूनच. दोन्हीकडे नुकसान बाईचंच. खरं तर बीपीचं मशीन, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि नीट विचारलेले प्रश्न एवढ्यावर हे काम होतं, पाच-सात मिनिटांत होतं, आणि उपकेंद्रातसुद्धा होतं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा हेच सांगते की गोळी सुरू करण्याआधी बीपी बघाच, बाकी आतून तपासणी, रक्ततपासणी सरसकट गरजेची नाही.

आधी कुठल्या गोळीबद्दल बोलतोय ते

सगळ्या गर्भनिरोधक गोळ्या सारख्या नसतात. इथे विषय आहे संयुक्त गोळीचा, म्हणजे जिच्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन दोन्ही असतं. सरकारी माला-एन आणि दुकानातली माला-डी यांच्यात तेच आहे, 0.03 मिलीग्रॅम (म्हणजे 30 मायक्रोग्रॅम) इथिनिल इस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेन आणि 0.15 मिलीग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल, 21 गोळ्या हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. यातलं इस्ट्रोजेन लिव्हरमध्ये गेलं की रक्त गोठवणारे घटक वाढवतं आणि गोठणं आवरणारे, विशेषतः प्रोटीन एस, कमी करतं. म्हणून इस्ट्रोजेनचा डोस महत्त्वाचा. 1960 च्या सुरुवातीच्या गोळ्यांमध्ये आजच्या तीन ते पाच पट इस्ट्रोजेन असायचं, 1961 साली इंग्लंडमधल्या एका जनरल प्रॅक्टिशनरने फुप्फुसात गुठळी झालेल्या बाईची केस छापली आणि तिथून हा विषय सुरू झाला, नंतर डोस उतरत उतरत 30 आणि 20 मायक्रोग्रॅमवर आला.

जोडीला कुठलं प्रोजेस्टेरॉन आहे त्यानेही फरक पडतो. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने 2013 साली सगळा डेटा बघून जे आकडे दिले ते पाठच करा, रोज लागतील: गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते, लिव्होनॉरजेस्ट्रेलवाली गोळी घेणाऱ्यांत 5 ते 7 जणींना, आणि ड्रॉस्पिरेनोन, डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन असलेली गोळी घेणाऱ्यांत 9 ते 12 जणींना. आकडे युरोपातल्या बायकांचे आहेत, पण उतरंड कशी आहे ते समजायला पुरेसे आहेत. आणि याच्या बाजूला हे ठेवा की गरोदरपणात धोका गोळीपेक्षा जास्त असतो, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर कित्येक पट जास्त.

त्यामुळे माझं सरळ मत असं की नव्याने सुरू करायची असेल आणि दुसरं काही खास कारण नसेल तर लिव्होनॉरजेस्ट्रेलवाली साधी गोळीच द्या. पाकीट सुंदर आहे, औषध कंपनीचा एमआर येऊन सांगून गेला की वजन वाढत नाही, चेहरा छान होतो, हे कारण पुरेसं नाही. स्वस्त गोळी इथे जास्त सुरक्षितही आहे, असं औषधांत फार वेळा होत नाही.

पहिलं काम: वय, बीपी, वजन-उंची, तंबाखू

बीपी बाई बसल्या बसल्या लगेच घेऊ नका. ती एसटीतून उतरून, चालत, रांगेत उभी राहून आलेली असते. पाच मिनिटं पाठ टेकवून बसू द्या, मग घ्या, जास्त आलं तर थोड्या वेळाने परत घ्या. 140/90 किंवा त्याच्या वर खरोखरच राहत असेल तर संयुक्त गोळी द्यायची नाही, 160/100 च्या वर असेल तर अजिबातच नाही. एकदाच जास्त आलं म्हणून बीपीचा शिक्का मारू नका, दुसऱ्या दिवशी परत बोलवा, तोपर्यंत कंडोम द्या. रिकाम्या हाताने कुणालाच पाठवायचं नाही.

वय 35 आणि बिडी-सिगरेट, ही जोडी लक्षात ठेवा. 35 च्या पुढे धूम्रपान करणाऱ्या बाईला संयुक्त गोळी नको, दिवसाला 15 किंवा जास्त ओढत असेल तर पूर्ण बंद. इथे मुख्य भीती हार्ट अटॅक आणि लकव्याची असते, म्हणजे धमनीतल्या गुठळीची. शहरात कॉलेजच्या किंवा आयटीतल्या मुलीला आईसमोर हा प्रश्न विचारून काही मिळणार नाही, आईला बाहेर बसवून विचारा. गावात बायका ओढत नाहीत पण मिश्री लावतात, काही ठिकाणी बिडीही असते, म्हणून "तंबाखू खाता का" एवढं विचारून थांबू नका, "मिश्री लावता का, किती वेळा, बिडी ओढता का" असं नाव घेऊन विचारा. डब्ल्यूएचओचा निकष धूम्रपानाचा आहे, मिश्रीला तसाच्या तसा लावू नका, म्हणजे मिश्री लावते म्हणून गोळी नाकारायची नाही, पण केसपेपरवर लिहा, बीपी जास्त काळजीने बघा आणि सोडायला सांगा.

वजन: बीएमआय 30 किंवा वर असेल तर गुठळीचा धोका वाढलेलाच असतो. आपल्याकडच्या 150 सेंटिमीटर उंचीच्या बाईला 68 किलो म्हणजे 30 चा बीएमआय, हे बघून बऱ्याच जणांना धक्का बसतो कारण दिसायला ती "थोडी जाड" एवढीच दिसते. एकट्या वजनामुळे गोळी बंद होत नाही, पण वजन आहे, वय 38 आहे, शुगर आहे, अशा दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की त्यांची बेरीज करा आणि दुसरा उपाय शोधा.

दुसरं काम: गुठळीचा इतिहास खणून काढायचा

इथेच नवीन लोक घसरतात, कारण ते विचारतात "तुम्हाला कधी डीव्हीटी झालाय का" आणि बाई मान हलवते नाही म्हणून. तिला काय माहिती डीव्हीटी म्हणजे पायाच्या खोल शिरेतली गुठळी. असं विचारा: कधी एकच पाय अचानक सुजला होता का, पायाची सोनोग्राफी झाली होती का, पोटात टोचायची इंजेक्शनं काही दिवस घेतली होती का, रक्त पातळ व्हायची गोळी बरेच महिने चालू होती का, तिच्यासाठी सारखं रक्त तपासायला जावं लागायचं का. शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. आपल्याकडे इकोस्प्रिनलाही लोक रक्त पातळ करायची गोळीच म्हणतात, घरात सासऱ्यांना चालू असते, पण सारखं रक्त तपासून डोस कमी-जास्त करत होते असं म्हणाली की ते ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन असणार, आणि मग ते कशासाठी दिलं होतं ते शोधलंच पाहिजे. जुने कागद मागवा. घरी पिशवीत सगळे कागद जपून ठेवलेले असतात, फक्त आणा म्हणून सांगावं लागतं.

पायात, फुप्फुसात, मेंदूच्या शिरेत, कुठेही आधी गुठळी झाली असेल तर संयुक्त गोळी आयुष्यभरासाठी नाही, मग ती बाळंतपणानंतर झालेली असो नाहीतर प्लास्टर घातल्यावर. मेंदूतली गुठळी मुद्दाम विचारा, बाळंतपणानंतर खूप डोकं दुखून झटके आले होते का, एमआरआय केला होता का. भारतात ही केस काही दुर्मिळ नाही, हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने अशा पेशंटची मोठी नोंदणी ठेवली त्यातही गोळी हे एक कारण म्हणून दिसलंच.

मग घरच्यांचं. आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण एवढ्यांचंच विचारा, चुलत आत्याच्या नणंदेचं नको. त्यांच्यापैकी कुणाला लहान वयात गुठळी झाली असेल तर डब्ल्यूएचओच्या निकषात गोळी चालते पण विचार करून, ब्रिटिश निकष जास्त कडक आहेत, नातेवाईक 45 च्या आतला असेल तर ते शक्यतो नको म्हणतात. मी ब्रिटिशांच्या बाजूने आहे, कारण दुसरे चांगले उपाय फुकट मिळत असताना ही जोखीम घ्यायची गरज नाही. थ्रोम्बोफिलियाच्या, म्हणजे रक्त लवकर गोठायची प्रवृत्ती शोधायच्या तपासण्या सरसकट करू नका, घरात खरोखर इतिहास असेल तर फिजिशियन किंवा रक्तविकारतज्ज्ञाला विचारून करा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरातला इतिहास पुसला जात नाही हे ध्यानात ठेवा.

अजून एक प्रश्न जो सहसा विचारला जात नाही: गर्भपात किती झाले, कितव्या महिन्यात. लागोपाठ तीन, किंवा तिसऱ्या महिन्यानंतर नीट वाढलेलं बाळ अचानक पोटात गेलं, असं असेल तर अँटिफॉस्फोलिपिडचा, म्हणजे गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडीचा विचार डोक्यात आला पाहिजे. ल्युपस असेल आणि ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल किंवा माहीतच नसेल, तर संयुक्त गोळी नाही.

तिसरं काम: आत्ता काय चालू आहे

बाळंतपण कधी झालं? बाळ अंगावर पीत असेल तर सहा आठवडे संयुक्त गोळी पूर्ण बंद, आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो नाहीच. अंगावर पाजत नसेल तरी पहिले 21 दिवस नाही, आणि सिझेरियन, जास्त रक्तस्राव, वजन, बीपी असं काही असेल तर 42 दिवस थांबायचं. आपल्याकडे सव्वा महिना माहेरी असतात त्यामुळे नैसर्गिकच थोडं अंतर पडतं, पण सासरी जायच्या आदल्या दिवशी येऊन "मॅडम काहीतरी द्या" म्हणणारी असतेच, तिला सवयीने माला-एन देऊ नका, कॉपर-टी किंवा अंतरा इंजेक्शनबद्दल बोला. गर्भपातानंतर मात्र त्याच दिवशी गोळी सुरू करता येते.

ऑपरेशन ठरलंय का, विशेषतः कंबर-गुडघा-पोटाचं मोठं, ज्यानंतर अंथरुणावर पडून राहावं लागेल? मग चार आठवडे आधी गोळी थांबवून दुसरा उपाय द्यायचा. पायाला प्लास्टर पडलं तरी तेच, आणि हे हाडांचे डॉक्टर विचारतीलच असं नाही, म्हणून गोळी देतानाच बाईला सांगून ठेवा की कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की ही गोळी चालू आहे हे सांगायचं.

डोकेदुखी. नुसतं अर्धं डोकं दुखतं म्हणाली तर पुढे विचारा, दुखायच्या आधी डोळ्यासमोर नागमोडी चमकणाऱ्या रेघा येतात का, एका बाजूचं दिसेनासं होतं का, हाताला-ओठाला मुंग्या येतात का आणि अर्ध्या-पाऊण तासात ते जातं का. हे असेल तर तो ऑरा असलेला मायग्रेन, लकव्याचा धोका, कुठल्याही वयात संयुक्त गोळी नाही. ऑरा नसेल तर 35 च्या आत चालते, पुढे नाही.

हृदयाच्या झडपेचा आजार आपल्याकडे अजून खूप आहे, लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झालेला. धाप लागते का, दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत होतात का, हे विचारा. कॅन्सर चालू आहे का, किडनीतून प्रोटीन जाऊन अंगावर सूज येते का, हेही एका दमात विचारून घ्या.

पायावरच्या फुगलेल्या शिरा बघून मात्र गोळी नाकारू नका. व्हेरिकोज व्हेन्स ही संयुक्त गोळीला मनाई नाही. दिवसभर उभ्या राहणाऱ्या शिक्षिका, पोलीस, दुकानात काम करणाऱ्या बायका, यांना उगाच नकार मिळतो हे मला खटकतं.

गोळी, पण तिला गोळी वाटत नाही ती

पीसीओडीच्या मुली, पिंपल्ससाठी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलेल्या मुली, यांना जी "पाळी रेग्युलर करायची गोळी" मिळते ती बऱ्याचदा संयुक्त गर्भनिरोधकच असते, आणि त्यात सायप्रोटेरोन किंवा ड्रॉस्पिरेनोन असलेली जास्त. घरचे विचारतात लग्नाआधी गर्भनिरोधक कशाला, म्हणून डॉक्टरही नाव घेत नाहीत, आणि मग धोक्याचे प्रश्नही विचारले जात नाहीत. ही मुलगी बहुतेक वेळा वजनदार असते, म्हणजे जिला प्रश्न जास्त विचारायला हवेत तिलाच विचारले जात नाहीत. लिहून देणारे तुम्ही असाल तर वरचे सगळे प्रश्न इथेही लागू.

दुसरी म्हणजे पाळी पुढे ढकलायची गोळी. गौरी-गणपती, घरचं लग्न, वारी, तीर्थयात्रा, कारण काहीही असो, मेडिकलमधून नॉरइथिस्टेरॉन 5 मिलीग्रॅम दिवसातून तीनदा सुरू होते, चिठ्ठीशिवाय, नणंद-भावजयीने एकाच पाकिटातून वाटून घेतलेली. बऱ्याच डॉक्टरांनाही वाटतं की हे नुसतं प्रोजेस्टेरॉन आहे, याने गुठळी कशी होईल. पण या मोठ्या डोसला नॉरइथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिओलमध्येच बदलतो. म्हणून जिला संयुक्त गोळी देणार नाही तिला हीसुद्धा देऊ नका. तिला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन देता येतं का ते स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा, किंवा पाळी पुढे ढकलू नका असं सांगायचं धाडस करा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ओपीडीत अशा पाच-सहा जणी एकदम येतात, गर्दी असते, तरी "आधी पाय सुजून गुठळी झाली होती का, बीपी आहे का" हे दोन प्रश्न चुकवू नका.

आणि तिसरं, पाळीत जास्त अंगावर जाणारी बाई. तिला ट्रानेक्झामिक ॲसिड आणि संयुक्त गोळी एकदमच लिहून देणं टाळा. एक औषध गुठळी विरघळू देत नाही आणि दुसरं गुठळी व्हायला मदत करतं. दोन्ही लागतीलच असं वाटलं तर तो निर्णय वरिष्ठांना विचारून.

ठरवायचं कसं

डब्ल्यूएचओचे चार वर्ग आहेत: 1 म्हणजे बिनधास्त द्या, 2 म्हणजे फायदा जास्त, द्या पण लक्ष ठेवा, 3 म्हणजे धोका जास्त, दुसरा उपायच नसेल तरच, 4 म्हणजे नाही. उपकेंद्रात, जिथे फार तपासणीची सोय नाही, तिथे 1 आणि 2 म्हणजे हो, 3 आणि 4 म्हणजे नाही, एवढं सोपं करून टाकलेलं आहे. एएनएम ताई, आशाताई आणि सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांनाही हेच शिकवा, कारण गोळी घरोघरी त्याच पोचवतात.

नाही म्हणायचं असेल तर त्याच बैठकीत काय द्यायचं ते ठरवा. आधी गुठळी झालेल्या बाईसाठी कॉपर-टी सगळ्यात उत्तम, त्यात हार्मोनच नाही. छाया या सेंटक्रोमनच्या सरकारी गोळीतही इस्ट्रोजेन नाही, बाकी बऱ्याच जणींना ती छान चालते, अंगावर पाजणाऱ्यांनासुद्धा, पण आधी गुठळी झालेल्या बाईला मी ती देत नाही, कारण टॅमॉक्सिफेन आणि रॅलॉक्सिफेन ही त्याच जातीची औषधं गुठळीचा धोका वाढवतात. आणि 72 तासांतली इमर्जन्सी गोळी मागायला अशी बाई आली तर घाबरून परत पाठवू नका, लिव्होनॉरजेस्ट्रेलच्या त्या एका डोसमध्ये इस्ट्रोजेन नसतं.

देताना काय सांगायचं

हे सांगताना शब्द जपून वापरा. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं की डेसोजेस्ट्रेल-जेस्टोडीनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो, बातम्यांमध्ये "दुप्पट" एवढंच गाजलं, बायकांनी अर्धं पाकीट टाकून दिलं आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात वाढले. म्हणून दुप्पट-तिप्पट म्हणू नका, दहा हजार बायकांत किती ते सांगा. "ताई, दहा हजार बायकांनी वर्षभर ही गोळी घेतली तर पाच-सात जणींना असं होतं, बाकीच्यांना नाही, आणि दिवस राहिले तर ते यापेक्षा जास्त वेळा होतं. तुमचं बीपी, वजन, सगळं मी बघितलंय. फक्त या चार गोष्टी झाल्या तर थांबायचं नाही, लगेच यायचं."

त्या चार गोष्टी: एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप किंवा छातीत कळ, आजवर कधी झाली नाही अशी डोकेदुखी किंवा दिसेनासं होणं, आणि पोटात असह्य दुखणं.

पहिल्यांदा तीनच पाकिटं द्या आणि तीन महिन्यांनी बीपी बघायला बोलवा, कारण धोका सुरुवातीच्या महिन्यांतच जास्त असतो आणि वर्षभराने बराच खाली येतो. याचीच दुसरी बाजू अशी की गोळी महिना-दोन महिने सोडून परत सुरू केली की सुरुवातीचा वाढलेला धोकाही परत सुरू होतो. सातारा-सांगली-कोकणात नवरा मुंबईला, सणाला आला की गोळी सुरू, गेला की बंद, अशा खूप जणी आहेत. त्यांना संयुक्त गोळी सोयीची नाहीच, कंडोम किंवा कॉपर-टी हेच बरं, हे स्पष्ट बोला.

शंका आलीच तर

पाय दुखतोय म्हणून गोळी घेणारी बाई आली तर टेप काढा. गुडघ्याखाली समोर हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा, 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ते गंभीर समजा. दाबल्यावर शिरेच्या रेषेत दुखतं का बघा. नस चढली असेल म्हणून घरी तेल लावून चोळत असतात, पेनकिलरचं इंजेक्शन देऊन परत पाठवलेलंही असतं, आधी ते चोळणं थांबवा. गोळी बंद करा, डॉपलर सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी पाठवा. धाप असेल, नाडी 100 च्या वर असेल, ऑक्सिजन कमी दिसत असेल तर 108 बोलवा, डी-डायमरच्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. चिठ्ठीत गोळीचं नाव, कधी सुरू केली आणि शेवटची कधी घेतली हे लिहा.

आणि गोळी बंद केली त्या क्षणापासून ती बाई उघडी पडते हे विसरू नका. निदान पक्कं झालं तर तिला वॉरफरिन लागू शकतं, त्याने पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणजे आता गर्भनिरोधन आधीपेक्षा जास्त गरजेचं आहे. रेफर करताना कंडोमची पाकिटं बरोबर द्या आणि चिठ्ठीत शेवटी एक ओळ लिहा, कॉपर-टीसाठी सल्ला द्यावा म्हणून.